अंग न धरणारं मूल
(मुलांचं पोट : लेखांक ६)

मागच्या लेखात लोहाबद्दल लिहिताना एक प्रश्न बाकी ठेवला होता. महिनोन्‌महिने लोहाचं औषध नेमानं देऊनही काही मुलांचं हिमोग्लोबिन का वाढत नाही? औषध पोटात जातं, पण आतड्यातून रक्तात उतरत नाही. असं होण्याचं एक कारण म्हणजे सीलिॲक हा आतड्याचा आजार.

आपल्याकडे सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं, ते पुष्कळ घरांत गव्हाच्या सत्त्वानं किंवा रव्याच्या खिरीनं. काही आठवडे, कधी काही महिने जातात आणि बाळाला जुलाब लागतात. ‘दात येताहेत’ म्हणून ते सोडून दिलं जातं. वजन थांबतं, हातपाय काटकुळे होतात, पोट मात्र फुगलेलं. मूल सारखं किरकिरतं. जरा मोठ्या मुलात जुलाब नसतीलही. उलट बद्धकोष्ठता, वारंवार तोंड येणं, न हटणारा पंडुरोग किंवा नुसती खुंटलेली उंची दिसते.

ही ॲलर्जी नव्हे. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. अनुवंशानं ज्यांची तशी प्रकृती असते, त्यांतल्या काही जणांमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतली मखमल झिजून सपाट होते आणि अन्नरस शोषला जात नाही.

हे गव्हामुळे होतं, हे सिद्ध केलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला गव्हाचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला, आणि एरवी खंगणारी ही मुलं सुधारली. युद्धानंतर पद्धतशीर निरीक्षणं करून १९५०मध्ये त्यानं आपला प्रबंध सादर केला.

संशय आला की पालक हमखास एक चूक करतात, आणि ती मोलाची पडते: आधी पोळी बंद करतात, मग तपासणीला जातात. गहू थांबला की रक्तातली प्रतिपिंडं कमी होतात, आतडं भरून येऊ लागतं आणि अहवाल फसवा येतो. म्हणून टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी आणि सोबत एकूण आयजीए होईपर्यंत, आणि दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा तपासायचा असेल तर तोही घेईपर्यंत, मुलाचं गव्हाचं खाणं चालू ठेवा.

निदान पक्कं झालं की मात्र गहू कायमचा बंद. ‘सणापुरती एक पुरणपोळी’ नाही, सत्यनारायणाच्या प्रसादाचा चमचाभर शिराही नाही. औषध एवढंच, आणि ते लागू पडतं. आपलं नशीब असं की ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा हे सगळं चालतं. भाकरी आणि उकडीचे मोदक ही काही आजारपणाची पथ्यं नव्हेत. सगळ्या घरानंच रात्री भाकरी खाल्ली, तर ताटावर बसलेल्या त्या पोराला वेगळं वाटत नाही.

खरी अडचण छुप्या गव्हाची. बाजारच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू पडतो. दुधात घालायच्या कितीतरी पावडरींत माल्ट, म्हणजे बहुधा सातूच असतो. आणि गिरणी! गव्हावर दळलेली ज्वारी या मुलांना चालत नाही. ‘ज्वारीवर बाजरी’ दळूनही भागत नाही, कारण जात्यात आधीचं गव्हाचं पीठ उरलेलंच असतं. जमलं तर घरगुती चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. पोळपाट-लाटणं आणि तवाही वेगळा ठेवा. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ असं छापायला एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं, इतकं थोडं पुरतं.

एका मुलात सीलिॲक सापडला, तर भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्तचाचणी करून घ्या, काहीच त्रास नसला तरी. आणि तोवर त्यांचीही पोळी बंद करू नका.