श्वासातला ऑक्सिजन जातो कुठे?

आत घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असा सर्रास समज आहे. तसं होत नाही. पेशीतल्या तंतुकणिकेत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे सरकतात. शेवटी ते ऑक्सिजन स्वीकारतो आणि हायड्रोजनशी जुळून त्याचं चक्क पाणी होतं! उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो तो अन्नातून आणि पाण्यातून.

इलेक्ट्रॉन-साखळीच्या शेवटच्या टप्प्यावरच्या विकराचं स्वरूप उलगडल्याबद्दल ऑटो वॉरबुर्ग यांना १९३१ चं नोबेल मिळालं. सायनाइड नेमकं याच विकराला जखडतं. मग शिरेतलं रक्तही लालभडक राहतं, कारण त्यातला ऑक्सिजन पेशींना वापरताच येत नाही. मग ऊर्जाही आटते: ऑक्सिजनविना ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपी या ऊर्जावाहकाचे निव्वळ २ रेणू मिळतात. ऑक्सिजन असेल तर सुमारे ३०.