पारा, सोमल आणि पोटातले जीवाणू

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंतींना हिरवागार कागद लावायची मोठी हौस होती. तो हिरवा रंग आर्सेनिकच्या संयुगांचा, म्हणजे आपल्या जुन्या पिढीला सोमल म्हणून ठाऊक असलेल्या विषाच्या गोतावळ्यातला. ओल धरलेल्या खोल्यांमध्ये लसणासारखा वास सुटे, माणसं आजारी पडत, लहान मुलं दगावत. बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन वैद्यकाने १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की ओलीवर वाढणारी बुरशी या रंगातल्या आर्सेनिकपासून एक वायू तयार करते. तो वायू ट्रायमिथाइलआर्सिन आहे, हे लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनी १९३०च्या दशकात सिद्ध केलं. माणसं खरोखर त्या वायूनेच मरत होती का, याबद्दल पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या आणि त्या रास्त आहेत. पण एक गोष्ट कायमची पक्की झाली. डोळ्यांना न दिसणारे जीव धातूंचं रूप पालटू शकतात, आणि रूप पालटलं की विषारीपणाही पालटतो. (आर्सेनिक काटेकोरपणे पाहिलं तर उपधातू, पण विषांच्या पंगतीत तो शिसं आणि पाऱ्याशेजारीच बसतो.)

त्याच सुमाराला पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एली मेचनिकॉफ आतड्यातल्या जीवाणूंच्या मागे लागले होते. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषं निपजतात आणि माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्यांचं म्हणणं. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात आंबवलेल्या दुधातला जीवाणू वेगळा काढला आणि मेचनिकॉफ यांनी अशा दुधाचा हिरिरीने पुरस्कार केला. १९०८चं नोबेल त्यांना मिळालं ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. जपानमध्ये मिनोरु शिरोता यांनी १९३०मध्ये आपला जीवाणू निवडला आणि १९३५मध्ये याकुल्ट बाजारात आलं. प्रोबायोटिकचा, म्हणजे हितकारक जीवाणू मुद्दाम पोटात घेण्याचा, आजचा सारा व्यवसाय याच पायावर उभा आहे. या मंडळींच्या मनात रोगजंतू होते, धातू नव्हते. त्यामुळे धातूंचा अभ्यास आणि दह्याचा अभ्यास पुढची कित्येक दशकं आपापल्या वाटेने चालत राहिला.

१९५०च्या दशकात जपानच्या मिनामाता गावात मांजरं झिंगल्यासारखी नाचू लागली, समुद्रात पडून मरू लागली आणि पाठोपाठ माणसांचे हातपाय वाकडे होऊ लागले. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत मिथाइल पारा जात होता. कंपनीच्याच रुग्णालयातले डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १९५९मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच आजार उत्पन्न केला. ते निष्कर्ष दडपले गेले आणि सरकारने कारण मान्य करायला १९६८ उजाडलं. या नऊ वर्षांबद्दल वाचताना मला दर वेळी संताप येतो. विज्ञानाचं काम झालेलं होतं, खोळंबली होती ती माणुसकी.

मिनामातात मिथाइल पारा मुख्यतः कारखान्यातच तयार होत होता. मग जिथे असा कारखाना नाही, तिथल्या तळ्यांतल्या माशांत तो कुठून येतो? १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये हा प्रश्न भेडसावत होता. सोरेन येन्सेन आणि आर्ने येर्नेलोव यांनी १९६९मध्ये त्याचं उत्तर दिलं. तळ्याच्या गाळातले सूक्ष्मजीव साध्या पाऱ्याला मिथाइल गट जोडतात, तो पारा लहान माशांत जातो, तिथून मोठ्या माशांत, तिथून ताटात. हे काम करणारी जनुकांची जोडी मात्र थेट २०१३मध्ये सापडली. म्हणजे जीवाणूंची पहिली ओळख झाली ती विष वाढवणारे म्हणून.

दुसरी बाजू दिसायला इराकमधली दुर्घटना घडावी लागली. १९७१मध्ये दुष्काळानंतर इराकने मोठ्या प्रमाणावर बियाण्याचा गहू मागवला. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून त्यावर मिथाइल पाऱ्याचं औषध चोळलेलं होतं आणि ते खायचं नाही हे कळावं म्हणून त्याला लालसर रंग दिला होता. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषांत. गहू खेड्यापाड्यांत पोहोचला तोवर अनेक ठिकाणी पेरणी उरकली होती. घरात धान्य नाही आणि दारात गव्हाची पोती. बायकांनी गहू धुतला, रंग पाण्याबरोबर निघून गेला आणि विषही गेलं असं त्यांना वाटलं. काहींनी खात्री करावी म्हणून आधी कोंबड्यांना टाकून पाहिला. कोंबड्या चार दिवस ठणठणीत राहिल्या, कारण हे विष लक्षणं दाखवायला आठवडेच्या आठवडे घेतं. मग पीठ दळलं गेलं, भाकऱ्या भाजल्या गेल्या. रुग्णालयांत ६,५३० माणसं दाखल झाली आणि त्यातली ४५९ दगावली. जी रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांची यात नोंद नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठाचे टॉम क्लार्कसन आणि त्यांचे इराकी सहकारी तिथे कामाला लागले. मिथाइल पारा आतड्यातून जवळजवळ सगळा शोषला जातो. यकृत तो पित्तात टाकतं, पित्त आतड्यात उतरतं आणि आतडं तो पुन्हा रक्तात ओढून घेतं. रहाटगाडग्यासारखा हा फेरा चालू राहतो आणि प्रत्येक फेऱ्यात शरीराबाहेर पडतो तो थोडाच. क्लार्कसन यांनी काही रुग्णांना गंधकाचे गट असलेली एक राळ पोटातून दिली. ती आतड्यात पाऱ्याला पकडून ठेवायची आणि शौचावाटे बाहेर न्यायची. रक्तातला पारा निम्म्यावर यायला एरवी सुमारे ६५ दिवस लागत, ते या उपायाने २०च्या आसपास आले. मेंदूला झालेली इजा त्याने भरून निघाली नाही. तरी आतड्यात अडवलं तर पारा बाहेर काढता येतो, हे माणसांत दिसलं.

हेच काम कुणी आपण होऊन करत असेल का? इयन रोलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत उंदरांवर प्रयोग केले. आतड्यातले काही जीवाणू मिथाइल गट तोडून टाकतात असं दिसलं. उरतो तो साधा पारा, आणि तो आतड्यातून फारसा शोषला जात नाही. प्रतिजैविकं देऊन जीवाणू मारले की उंदरांच्या शरीरात पारा जास्त साठू लागला. दुधावरची पिल्लं मिथाइल पारा बाहेर टाकतच नव्हती म्हटलं तरी चालेल. दूध सुटलं, पोटातले जीवाणू पालटले आणि मग कुठे ती टाकू लागली. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध वाटतो. गरोदर बाई आणि तान्हं मूल यांना पाऱ्याचा धोका जास्त असण्यामागे मेंदू कोवळा असणं हे कारण तर आहेच, पण बाळाच्या पोटातले मदतनीस अजून कामावर हजर झालेले नसतात हेही असू शकतं. माणसामाणसांत मिथाइल पारा बाहेर पडण्याचा वेग पुष्कळ वेगळा असतो, हे पुढे मासे खाणाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसलं. त्यातला किती वाटा जीवाणूंचा, याचा शोध रोचेस्टरमध्येच पुढे चालू राहिला.

या मदतीची एक किंमतही आहे. आपल्याकडे दाढेत चांदी भरतात असं म्हणतात, त्या मिश्रणात निम्म्याच्या आसपास पारा असतो. अ‍ॅन समर्स यांनी १९९३मध्ये माकडांच्या दाढांत अशी चांदी भरून पाहिली. तोंडातल्या आणि आतड्यातल्या जीवाणूंत पारा सहन करणारे वाढले, आणि त्यातले बरेच प्रतिजैविकांनाही दाद देत नव्हते, कारण दोन्ही गुणांची जनुकं अनेकदा एकत्रच हिंडतात. पारा पचवणारा जीवाणू आपल्या भल्यासाठी जगत नाही, तो स्वतःच्या जिवासाठी धडपडतो. त्यातून आपला फायदा झाला तर झाला.

पूर्वेकडे तोवर दुसरं संकट उभं राहिलं होतं. तळ्या-पोखरांच्या पाण्यातल्या रोगजंतूंनी मुलं हगवणीने मरत होती म्हणून १९७०च्या दशकापासून बंगालच्या त्रिभुज प्रदेशात लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तळहातांवर खरखरीत गाठी आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग असलेले रुग्ण दिसू लागले. पाण्यात आर्सेनिक होतं. जादवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती आयुष्यभर गावोगाव फिरून पाण्याचे नमुने तपासत राहिले, सरकारी दुर्लक्षाशी भांडत राहिले. २००४मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनाने जमिनीखालचे सूक्ष्मजीवच गाळात अडकलेलं आर्सेनिक पाण्यात सोडतात असं दाखवलं. पोटातल्या जीवाणूंची गोष्ट त्याच्या नेमकी उलट निघाली. मोंटाना राज्य विद्यापीठातल्या चमूने २०१८मध्ये जीवाणूरहित वाढवलेल्या आणि प्रतिजैविकं दिलेल्या उंदरांना आर्सेनिक दिलं, ते लवकर मेले. त्यांच्या पोटात माणसाच्या विष्ठेतले जीवाणू सोडले तेव्हा ते जास्त तगले, मात्र कुणाचे जीवाणू आहेत त्यावर किती तगणार हे ठरत होतं.

मग दही खाऊन भागेल का? हा प्रश्न इथे येणारच, आणि त्याचं उत्तर सबुरीने द्यायला हवं. फिनलंडमधल्या प्रयोगशाळांनी लॅक्टोबॅसिलस गटातले जीवाणू पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम आपल्या आवरणावर चिकटवून घेतात असं २०००नंतरच्या दशकात दाखवलं. चीनमधल्या जियांगनान विद्यापीठाने उंदरांमध्ये कॅडमियमविरुद्ध तसे परिणाम मिळवले. माणसांतला लक्षवेधी प्रयत्न २०१४मधला, टांझानियातल्या म्वान्झा शहराचा. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या गरोदर बायकांना तिथल्याच बायकांनी लावलेलं खास विरजणाचं दही दिलं गेलं. दही खाणाऱ्या बायकांच्या रक्तात पारा आणि आर्सेनिक वाढायचं थांबल्यासारखं दिसलं. शाळकरी मुलांमध्ये मात्र ठाम फरक दिसला नाही. आधीच साठलेलं विष त्याने धुऊन निघालं नाही. अभ्यास लहान होता आणि कोणाला काय मिळतंय हे लपवलेलं नव्हतं. एवढ्या पुराव्यावर 'शरीरातले जड धातू बाहेर काढणारी' कॅप्सूल विकणं ही लोकांची फसवणूक आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

चांगला पुरावा कसा असतो ते बघायचं तर ओडिशाकडे बघावं. तिथल्या खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवरची चाचणी २०१७मध्ये प्रसिद्ध झाली. एक निवडक लॅक्टोबॅसिलस आणि त्याचं खाद्य जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आठवडाभर दिलं, तर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. एक ठरलेला जीवाणू, ठरलेलं वय, ठरलेला आजार. त्याउलट इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८मध्ये दाखवलं, की प्रतिजैविकांनंतर बाजारी प्रोबायोटिक घेतलं तर स्वतःचे मूळचे जीवाणू परतायला उलट उशीर लागतो. जीवाणूंचं नुसतं नाव सारखं असून चालत नाही, वाण सारखा लागतो. शिवाय पोटही कुणाचं, हे बघावं लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय पोटांचा अभ्यास केला, त्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या कुळांचं प्राबल्य आढळलं. परदेशी पोटांवर बेतलेलं औषध इथे तसंच लागू पडेल हे गृहीत धरायला आधार नाही.

विष अडवायची सगळ्यात भरवशाची जागा पोटाच्या खूप आधी असते, हे अगदी अलीकडे बांगलादेशात दिसलं. १९८०च्या दशकात पुरामुळे हळद काळवंडली, तिला उठाव यावा म्हणून व्यापाऱ्यांनी हळकुंडांना पॉलिश करताना शिशाचा पिवळा रंग, लेड क्रोमेट, चोळायला सुरुवात केली आणि मग ती रीतच पडली. गिऱ्हाईक हळद घेताना हळकुंड मोडून आतला रंग बघतं की बाहेरची झळाळी, यावर सारा धंदा चालतो. स्टॅनफर्डच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्यातल्या संशोधकांनी २०१९मध्ये हे उघड केलं. सरकारने बाजारात छापे घातले, दंड केले, वर्तमानपत्रांतून इशारे दिले. बाजारातल्या नमुन्यांत भेसळीचं प्रमाण २०१९मध्ये ४७ टक्के होतं, ते २०२१मध्ये शून्यावर आलं आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही घटलं. सांगलीच्या हळदीवर पोसलेल्या आपल्या स्वयंपाकघरांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी.

युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२०च्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं असल्याचा अंदाज दिला. त्यातली सुमारे २७.५ कोटी भारतात. मोठ्या माणसाच्या पोटातून शिसं दहा टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, लहान मुलाच्या पोटातून ४० ते ५० टक्के, आणि अंगात लोह कमी असेल तर त्याहून जास्त. म्हणून ओडिशातल्या चाचणीच्या तोडीची एक चाचणी शिशासाठी आपल्याकडे व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. अंगणवाडीतली मुलं घ्यावीत, काहींना लोह आणि कॅल्शियम, काहींना त्याच्या जोडीला इथल्याच माणसांच्या पोटातून निवडलेल्या वाणाचं दही, आणि रक्तातलं शिसं वर्षभर मोजावं. पण चाचणीत उतरण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरातला रंग, हळद, कल्हई आणि आसपासचं बॅटऱ्या वितळवण्याचं काम तपासलं गेलं पाहिजे, आणि सापडेल ते विष आधी घराबाहेर गेलं पाहिजे.