दोन मिनिटांची शर्यत आणि दिवसभराची मेजवानी

अवघ्या दोन मिनिटांत संपणाऱ्या गोष्टीसाठीं घरधन्यानें दोन दिवस तयारी करावी आणि पाहुण्यांनीं ठेवणींतले कपडे काढावे, हें प्रथम ऐकणारास नवलाचें वाटेल. परंतु अमेरिकेच्या केंटुकी राज्यांत मे महिन्याचा पहिला शनिवार असाच उगवतो. त्या दिवशीं लुइव्हिल शहरांतील चर्चिल डाऊन्स या मैदानावर केंटुकी डर्बी ही घोड्यांची शर्यत होते. आणि ज्यांना मैदान गांठणें शक्य नसतें, ते आपल्या घरींच इष्टमित्रांस बोलावून ती पाहतात. ही घरगुती मेजवानी कशी असते, तिच्यांतील चाली कोठून आल्या, आणि तिच्या पंगतींत कोणाची आठवण बहुधा राहून जाते, हें जाणून घेण्यासारखें आहे.

या शर्यतीचा पाया मेरिवेदर लुइस क्लार्क (धाकटे) यांनीं घातला. इंग्लंडांतील एप्समची डर्बी पाहून ते परतले, आणि तशीच शर्यत, तशाच प्रतिष्ठित मेळ्यासह, आपल्या गांवीं व्हावी असें त्यांनीं मनांत घेतलें. १७ मे १८७५ रोजीं पहिली डर्बी झाली. मुंबईकरांस महालक्ष्मीच्या मैदानावरील इंडियन डर्बी परिचयाची आहे. तिच्या नांवाचें मूळही एप्समलाच आहे. केंटुकीच्या शर्यतींत केवळ तीन वर्षें वयाचीं जनावरें धांवतात व त्यांची संख्या विसांपर्यंत असते. आरंभींचें दीड मैलाचें अंतर १८९६ पासून सव्वा मैल झालें. १९७३ सालीं सेक्रेटेरिएट या घोड्यानें तें १ मिनिट ५९ सेकंद आणि वर दोन पंचमांश सेकंद इतक्या वेळांत तोडलें. तो विक्रम अद्याप मोडलेला नाहीं. विजयी घोड्याच्या पाठीवर चारशेंहून अधिक तांबड्या गुलाबांची झूल घालतात. म्हणूनच यजमानाच्या घरींही मेजावर तांबडा गुलाब हवाच.

शर्यत घरांत शिरली ती प्रथम कानांच्या वाटेनें. १९२५ सालीं तिचें धांवतें वर्णन रेडिओवरून ऐकूं आलें. १९५२ मध्यें ती दूरचित्रवाणीवर देशभर दिसली. मुख्य शर्यत तेथील घड्याळाप्रमाणें सायंकाळीं सातच्या सुमारास सुटते. त्या वेळीं हिंदुस्थानांत रविवारची पहाट होत असते. परंतु मैदानावर सकाळपासून लहानमोठ्या शर्यती चाललेल्या असतात, आणि पाहुणेही तीनचार तास आधीं येतात. स्त्रिया फुलांनीं व पिसांनीं सजविलेल्या रुंद काठांच्या टोप्या घालून येतात, पुरुष फिकट रंगांचे उन्हाळी कोट घालतात. कोणाची टोपी सरस, याचा निवाडाही गमतीनें होतो.

मंडळी हिंडतफिरत, उभ्याउभ्या खाते. यास्तव पदार्थ हातांत धरून खाण्याजोगे निवडावे हें बरें. खारवून धुरावर मुरविलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप मऊ फुगीर पावांत घालून ठेवतात. अनेक मांसें व भाज्या एकत्र करून तासन् तास रटरटविलेलें बर्गू नांवाचें दाट कालवण मोठ्या पातेल्यांत तयार असतें. शाकाहारी पाहुण्यासाठीं बेनेडिक्टाइन आहे. काकडी व मऊ चीज यांचें हें सारण जेनी बेनेडिक्ट या लुइव्हिलच्या बाईंनीं प्रचारांत आणलें, व तें पावाच्या तुकड्यांवर लावतात. हॉट ब्राऊन हा पदार्थ १९२६ सालीं त्याच शहरांतील ब्राऊन हॉटेलांत जन्मला. पावावर टर्की पक्ष्याचें मांस, त्यावर चीजचा दाट रस्सा, आणि वरून भट्टीची आंच, अशी त्याची घडण. तो मात्र बसूनच खावा लागतो.

पेय म्हणजे मिंट ज्यूलेप. पुदिन्याचीं पानें साखरेच्या पाकांत हलकेंच दाबावीं. चेंचलीं तर कडवट होतात. त्यावर मक्यापासून केलेलें बर्बन मद्य ओतून, पेला कुटलेल्या बर्फानें काठोकाठ भरावा. पेला चांदीचा असल्यास बाहेरून पांढरें दंव धरतो. तें पुसूं नये म्हणून तो काठाशीं धरण्याची रीत आहे. मद्य न घेणारांसाठीं त्याच पुदिन्याचें, लिंबू पिळलेलें सरबत करतात.

जुगाराची हौस घरीं निरुपद्रवी रीतीनें भागते. घोड्यांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहून त्या टोपींत टाकतात व प्रत्येकजण एक उचलतो. मैदानावर पैज पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकांवर लागते. त्याच धर्तीवर येथें तीन चिठ्ठ्यांना बक्षिसें मिळतात. पैशाऐवजीं मिठाई ठेवल्यास कोणाचें मन दुखत नाहीं.

शर्यतीपूर्वीं स्टीफन फॉस्टर यांचें १८५३ सालचें ‘माय ओल्ड केंटुकी होम’ हें गीत वाजतें, आणि घरांतही सर्व उठून उभे राहतात. अनेकांचे डोळे पाणावतात. परंतु तें गीत मुळांत घरापासून तोडून विकल्या गेलेल्या गुलामाच्या दुःखाचें आहे, हें थोड्यांसच ठाऊक असतें. त्यांतील एक हीनतादर्शक शब्द राज्याच्या विधिमंडळानें १९८६ मध्यें बदलला.

येथेंच या सणाची दुसरी बाजू दिसते. १८७५ च्या पहिल्या डर्बींत पंधरा स्वारांपैकीं तेरा कृष्णवर्णी होते. ॲरिस्टायडीज या विजयी घोड्याचा स्वार ऑलिव्हर लुइस कृष्णवर्णी होता, आणि त्याला तयार करणारे ॲन्सेल विल्यम्सन एके काळीं स्वतः गुलाम होते. पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकीं पंधरा कृष्णवर्णी स्वारांनीं जिंकल्या. आयझॅक मर्फी यांनीं १८८४, १८९० व १८९१ अशी तीनदां बाजी मारली. जिमी विंकफील्ड यांनीं १९०१ व १९०२ अशी लागोपाठ दोनदां. पुढें वर्णद्वेषानें त्यांस मैदानाबाहेर ढकललें. गोरे स्वार त्यांना कठड्याशीं दाबीत, आणि मालक त्यांना घोडे देईनासे झाले. विंकफील्ड रशियांत व नंतर फ्रान्सांत गेले. १९२१ नंतर २००० सालापर्यंत डर्बींत एकही कृष्णवर्णी स्वार उतरला नाहीं, आणि १९०२ नंतर कोणीही जिंकलेला नाहीं.

१९६१ सालीं वृद्ध विंकफील्ड यांस डर्बीनिमित्तच्या मेजवानीचें निमंत्रण आलें. मेजवानी हॉट ब्राऊनच्या जन्मस्थानीं, ब्राऊन हॉटेलांतच होती. ते कन्येसह गेले, तेव्हां त्यांना दर्शनी दारांतून आंत घेण्यास प्रथम नकार मिळाला. बराच वेळ तिष्ठत राहिल्यावरच प्रवेश झाला. ज्यानें तो गुलाबांचा मान दोनदां मिळविला, त्यालाच पाहुणचाराच्या दारांत थांबावें लागलें.

मुख्य शर्यतीपूर्वीं मध्यें बराच अवकाश असतो. ताटें फिरून झालेलीं असतात, चिठ्ठ्या उचललेल्या असतात, आणि पाहुणे काय करावें या विवंचनेंत असतात. सुज्ञ यजमानानें तो वेळ लुइस, मर्फी व विंकफील्ड यांची हकीकत सांगण्यांत घालवावा. मग घोडे सुटतील, दोन मिनिटें घरांत आरडाओरडा होईल, आणि पडद्यावर गुलाबांची झूल दिसेल, तेव्हां ही शर्यत पूर्वीं कोणाकोणाच्या घोड्यांनीं जिंकली होती, हें घरांतल्या लहान मुलासही सांगतां येईल.