प्रिंटर समोर आहे, पण लिनक्सला दिसत नाही

कडोदऱ्यात सुरत–धुळे रस्ता मुंबई–अहमदाबाद महामार्गाला मिळतो. त्याच रस्त्याने आलेली खानदेशी कुटुंबं इथल्या कापड मिलांच्या आसपास राहतात. अशा घरातल्या जुन्या कंप्युटरवर लिनक्स टाकला की तो पुन्हा धावतो. अडतं ते वायफाय प्रिंटरपाशी.

लोक लगेच ड्रायव्हर शोधत बसतात. ते बहुतेक वेळा वाया जातं. लिनक्समधली छपाई ‘कप्स’ सांभाळतं, १९९९ मध्ये आलेलं आणि अ‍ॅपलच्या मॅकवरही चालणारं. आयफोनवरून एअरप्रिंटने छापणारा प्रिंटर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.

खरी गोम नेटवर्कमध्ये असते. प्रिंटरच्या सेटिंगमधून त्याचा आयपी पत्ता काढा आणि टर्मिनलमधून पिंग करा. उत्तर नाही? मग एक उपकरण राउटरच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना, ते बघा. गेस्टवाल्यांना घरातली इतर उपकरणं सहसा दिसतच नाहीत. उत्तर येतं, तरी यादीत प्रिंटर नाही? मग प्रिंटर शोधणारी ‘अवाही’ सेवा बंद असेल, किंवा फायरवॉलने ५३५३ पोर्ट अडवला असेल.

काल चाललेला प्रिंटर आज रुसला, तर वीज गेली होती का ते आठवा. राउटर नव्याने सुरू झाल्यावर पत्ता बदलू शकतो. राउटरमध्येच तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा. एवढं करूनही कागद येत नसेल, तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६३१ पोर्ट उघडा: चूक झाल्यावर कप्स प्रिंटरला थांबवून ठेवू शकतं. तिथे ‘रिझ्यूम’ दाबलं की अडकलेली कामं सुटतात. जुनी नको असलेली आधी रद्द करा, नाहीतर एकच प्रोजेक्ट चारदा छापला जाईल.