सिंहगड ते वेल्हे, एक रविवार

पहाटे ४.००
आतकरवाडी. कडाक्याची थंडी. आमचा गडी भोसरीतल्या एका कारखान्यात लेथ चालवतो. उद्या पहिली पाळी, रजा नाही. म्हणून सिंहगड, राजगड, तोरणा आजच, एका दमात. पन्नासेक किलोमीटर. तो टाचांना व्हॅसलिन चोळतो, बोटांना चिकटपट्टी गुंडाळतो. पाठीवर दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. बाकी सगळं आमच्या जीपमध्ये. आम्ही तिघे आज त्याच्याच कामाला.

५.२०
सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून फोन येतो. "उतरतोय." आता विंझरपर्यंत डोंगरधार. तिथे गाडी जात नाही, रेंजचा भरवसा नाही. आम्ही नसरापूरमार्गे निघतो. डिझेल दीड हजाराचं.

९.४०
विंझर. रस्त्याकडेला चादर पसरलीय: उकडलेले बटाटे, मीठ, केळी, ओआरएस, कोरडे मोजे. तो येतो. हातांवर कारवीचे ओरखडे. बसू द्यायचं नाही, बसला की मांड्या धरतात. तो बोनेटला टेकून एका पायावर उभा. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड. काडी ओढून सुई तापवली, कडेने टोचली, पाणी दाबून काढलं, कातडं तसंच ठेवून वर पट्टी. तोवर दुसऱ्याने बाटल्या भरल्या. त्याने बटाटा मिठात बुडवून खाल्ला आणि चालू लागला.

११.३०
गुंजवणे. इथून मी त्याच्याबरोबर.

दुपारी १.१५
राजगडाच्या चोर दरवाज्यातून पद्मावती माचीवर. त्याच्या काळ्या शर्टावर घामाचं मीठ पांढरं फुटलंय. सरबतवाल्या मावशी लिंबू कापता कापता त्याच्याकडे बघतात आणि न विचारता ग्लासात आणखी चिमूटभर मीठ टाकतात.

"कुठनं आलास बाळा?"

"सिंहगडावरनं."

"आजच? बस की रं मग."

तो उभ्यानेच दोन ग्लास पितो. साठ रुपये. मावशी सकाळी सातला गुंजवण्यातून निघाल्या. डोक्यावर पाटी: लिंबं, साखर, ग्लास, वर ताकाचा कॅन. गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं, एरवी शेत. उरलं तर ताक परत खाली न्यायचं. पायात रबरी चप्पल. त्या त्याच्या बुटांची किंमत विचारतात. तो सांगतो. त्या मान हलवून पुढचं लिंबू कापायला घेतात. मला त्या पाटीचं वजन उचलून बघायचं होतं. विचारायचा धीर झाला नाही.

२.२०
संजीवनी माची. आळू दरवाज्यातून खाली. घसारा आहे, गुडघे बोलायला लागतात.

४.०५
भुतोंड्याच्या रस्त्यावरची खिंड. जीप उभी. त्याच्या पोटरीत गोळा आलाय. नखाएवढा स्नायू कातडीखाली उडताना दिसतो. आमचं ठरलेलं होतं: साडेचारपर्यंत निघाला तर तोरणा, नाहीतर गाडीत बसायचं. जीपवाला मित्र गुडघ्यावर बसून तेल चोळतो. रोज टेम्पो चालवून त्याच्या तळव्यांना घट्टे पडलेत. ते खरखरीत हात त्या पोटरीवर इतक्या हळू फिरतात की मी बघत राहतो. कुणी धीर देत नाही, कुणी थांब म्हणत नाही. घड्याळ तेवढं मी मोठ्याने वाचतो. चार सतरा. चार बावीस. तो पाय टेकवून बघतो. परत टेकवतो.

"दे बाटली."

चार पंचवीसला तो निघतो. बरोबर तिसरा मित्र, दोघांकडे हेडटॉर्च.

६.१०
तोरण्याच्या बुधला माचीवरून मिस्ड कॉल. अंधाराआधी वर पोचायचं होतं, पोचले. पुणे जिल्ह्यातला हा सगळ्यात उंच गड, १,४०३ मीटर. आता मेंगाईच्या देवळाकडून बिनी दरवाजा आणि सरळ उतार.

रात्री ९.०५
वेल्हे. दोन उजेड खाली येतात, एक लंगडत. आता त्याला बसवतो. डावा मोजा रक्ताने पट्टीला चिकटलाय, कोमट पाण्याने भिजवून सोडवावा लागतो. मग हिशेब. डिझेल, केळी, औषधं, सरबत, हॉटेलातली चार जेवणं: माणशी सातशेच्या आसपास. जीपवाला त्याचे पैसे घेत नाही. गडी नोटा जबरदस्तीने डॅशबोर्डवर ठेवतो.

भोसरीला पोचायला बारा वाजतील. सहा पंचेचाळीसला कारखान्याची बस.