आकाशात रेडिओ मुका झाला तर

उत्तरायणाला आमच्या इच्छापोरच्या गच्चीवर पतंग, तिळगूळ आणि उंधियू असा ठरलेला बेत असतो. यंदा मांजा गुंडाळता गुंडाळता सगळ्यांच्या माना वर गेल्या, कारण एक छोटे, एकाच पंख्याचे विमान तापीपलीकडच्या विमानतळाकडे चालले होते. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "काका, याचा रेडिओ बंद पडला तर हा उतरणार कसा?" गच्चीवरून लगेच उत्तरे आली. कोणी म्हणाले पॅराशूट, कोणी म्हणाले मोबाइल लावायचा, आजींनी गणपतीचे नाव घ्यायला सांगितले. नीट उत्तर त्या वेळी कोणालाच देता आले नाही. हल्ली आपल्यासारख्या घरांतली मुलेही वैमानिक व्हायला निघाली आहेत, तेव्हा हे त्यांच्या आईवडिलांनाही ठाऊक असलेले बरे.

पहिली गोष्ट ही की विमान उडायला रेडिओ लागत नाही. नकाशा काढा आणि अहमदाबाद ते मुंबईचे जुहू अशी सरळ रेघ ओढा. ती जवळजवळ थेट उत्तर-दक्षिण जाते आणि आपल्या इच्छापोरच्या अगदी लगतून जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले आणि संध्याकाळच्या आत जुहूला पोचले. विमान होते एका इंजिनाचे पस मॉथ, टपाल होते सुमारे २५ किलो, आणि विमानात रेडिओ नव्हताच. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि खाली दिसणाऱ्या नद्या व किनारा एवढ्यावर त्यांनी तो प्रवास केला. आज आपण ज्याला आणीबाणी म्हणतो, ती त्या दिवशी नेहमीची स्थिती होती.

मग आता एवढे काय बिघडते? बिघडते ते इतरांचे. १९३२ साली या आकाशात टाटांचे विमान जवळपास एकटेच होते. आज सुरतेच्या २,९०५ मीटर लांबीच्या धावपट्टीवर मोठी जेट विमाने उतरतात आणि सौराष्ट्राकडे ये-जा करणारी नऊ आसनी सेस्नाही तिथेच उतरतात. मुका झालेला वैमानिक आता काय करणार हे टॉवरला आणि बाकीच्या वैमानिकांना कळले पाहिजे. बोलून सांगता येत नाही, म्हणून त्याने काय करायचे ते जगभर आधीच ठरवून ठेवले आहे. त्याने तेवढेच करायचे, स्वतःची अक्कल चालवून भलतेच काही करायचे नाही.

रेडिओ खरोखर बिघडण्यापेक्षा साध्या चुकाच जास्त होतात. हेडफोनची पिन सैल होते, आवाजाचे बटण गुडघा लागून खाली जाते, चुकीची फ्रिक्वेन्सी लागते किंवा बोलायचे बटण दाबलेलेच अडकते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईहून लंडनला जाणाऱ्या जेट एअरवेजच्या मोठ्या विमानाचा जर्मनीवर असताना संपर्क तुटला. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमाने त्याच्या शेजारी येऊन उडू लागली. पुढे संपर्क जुळला आणि विमान लंडनला सुखरूप उतरले. गप्प विमान म्हणजे संशयित विमान, हा सगळीकडचाच नियम आहे.

म्हणून वैमानिक आधी पिना, बटणे, फ्रिक्वेन्सी तपासतो. पण तपासताना विमान उडवणे सोडायचे नाही, आणि खरा धोका इथेच आहे. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेत मायामीजवळ एका मोठ्या विमानाचे सगळे कर्मचारी चाकांच्या एका न लागलेल्या दिव्याकडे बघत बसले. दरम्यान विमान हळूहळू खाली जाऊन दलदलीत कोसळले आणि शंभरावर माणसे गेली. म्हणून शिकाऊ मुलांकडून पहिल्या दिवसापासून एकच क्रम घोकून घेतात: आधी विमान सांभाळ, मग वाट सांभाळ, मग बोल.

आता समजा, वीजच गेली. छोट्या विमानात इंजिनावर चालणारा अल्टरनेटर बॅटरी भरत असतो. तो बंद पडला की रेडिओ काही वेळ बॅटरीवर चालतो आणि मग मुका होतो. घाबरायचे कारण नाही, कारण सेस्नासारख्या विमानाच्या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोमधून येते आणि त्याला बॅटरी लागत नाही. पंखा फिरतच राहतो. वेग दाखवणारा आणि उंची दाखवणारा काटा हवेच्या दाबावर चालतो, होकायंत्रालाही वीज नको. जाते काय, तर रेडिओ, दिवे आणि बऱ्याच विमानांत पंखांच्या मागच्या फ्लॅप नावाच्या झडपा हलवणारी मोटर. फ्लॅप नसले तर थोड्या जास्त वेगाने, जास्त लांब धावत उतरायचे. सुरतेसारख्या लांब धावपट्टीला छोट्या विमानाचे एवढे ओझे काहीच नाही.

बॅटरीत जीव असेपर्यंत एक काम उरकायचे असते. विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र असते. त्यावर चार आकडे लावले की नियंत्रकाच्या रडारच्या पडद्यावर ते उमटतात. या यंत्रावर ० ते ७ एवढेच आकडे असतात, ८ आणि ९ नाहीतच. ७५०० म्हणजे अपहरण, ७७०० म्हणजे आणीबाणी आणि ७६०० म्हणजे रेडिओ गेला. नियंत्रकाने पडद्यावर ७६०० पाहिले की तो इतरांना बाजूला ठेवायला लागतो. आपले बोलणे जात असेल पण ऐकू येत नसेल, अशीही शक्यता असते. म्हणून वैमानिक उत्तराची वाट न पाहता आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत ते बोलत राहतो. उलट, त्याला ऐकू येत असेल पण बोलता येत नसेल, तर नियंत्रक विचारतो, "ऐकू येत असेल तर पंख हलवा." हो म्हणायला तेवढे पुरते.

हवा स्वच्छ असेल तर नियम सोपा आहे. ढगात शिरायचे नाही, जमीन दिसत राहील असे उडायचे आणि जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचे. घरच्या विमानतळापर्यंत जाण्याचा हट्ट नको. आपल्या भागात वाट चुकणे तसे कठीण आहे. एका बाजूला समुद्र, मधे तापीचे मुख, हजिऱ्याच्या चिमण्या आणि नदीच्या दक्षिणेला धावपट्टी. तरी विमानतळ ओळखताना डोळे उघडे हवेतच. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे एक जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले आणि पुढे निसटून गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यांचा तर रेडिओ चांगला चालू होता!

धावपट्टीवर जो आकडा लिहिलेला असतो तो दिशेचा असतो. सुरतेला ०४ आणि २२ आहेत, म्हणजे एकाच पट्टीची ४० आणि २२० अंशांकडची दोन तोंडे. नेहमी वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरायचे. पावसाळ्यात समुद्राकडून वारा असला की बहुधा २२, थंडीत उत्तरेचा असला की ०४. मुका वैमानिक वारा दाखवणारी कापडी पिशवी पाहतो, इतर विमाने कोणत्या बाजूने उतरताहेत ते पाहतो आणि मग त्यांच्या रांगेत मिसळतो. धावपट्टीला समांतर जायचे, आडवे वळायचे, पुन्हा वळून समोर यायचे, ही चौकोनी चक्कर जगभर सारखी असते. समोर जेट उतरत असेल तर त्याच्यामागे अंतर सोडायचे, कारण त्याच्या पंखांमागची भोवरलेली हवा छोट्या विमानाला उलटवू शकते.

ही सगळी चक्कर मारताना त्याची नजर टॉवरकडे असते. टॉवरमध्ये बंदुकीसारखा धरायचा एक दिवा असतो. त्याचा झोत अरुंद असतो, म्हणून ज्या विमानावर रोखला त्यालाच तो नीट दिसतो. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, फिरत राहा. लुकलुकणारा हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, मात्र परवानगी नंतर मिळेल. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. हा शेवटचा संकेत सुरतकरांना सहज समजेल. २०१४ च्या नोव्हेंबरात इथेच उड्डाण घेणाऱ्या विमानाला धावपट्टीवर म्हैस धडकली होती. संकेत दिसला की दिवसा पंख हलवून आणि रात्री दिवे दोनदा लावून 'समजले' असे सांगायचे. भर दुपारी उन्हात तो दिवा सापडणे सोपे नसते, म्हणून प्रत्येक वळणावर पुन्हा पाहावे लागते.

उतरल्यावर धावपट्टी लगेच मोकळी करायची आणि थांबायचे. जमिनीवरही दिव्याची भाषा चालूच असते. लुकलुकता हिरवा म्हणजे पुढे चला, स्थिर लाल म्हणजे थांबा. मग सगळ्यांत आधी, मिळेल त्या साधनाने, उतरल्याची वर्दी नियंत्रकाला द्यायची. ती दिली नाही तर इकडे विमान सुरक्षित उभे आणि तिकडे शोध सुरू, अशी गत होते. गच्चीवर ज्यांनी मोबाइल म्हटले होते, त्यांचे उत्तर इथे बरोबर ठरते. टॉवरचा फोन नंबर उड्डाणाआधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, असे शिक्षक मुलांना सांगतात. पहिला फोन तिथे, आईला दुसरा.