हृदयाच्या तालावर चालणारा पंप

निरोगी माणसाचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याआधी त्यात एक सूक्ष्म विद्युत्-लहर उमटते आणि तिच्या इशाऱ्यावर हृदयाचे स्नायू काम करतात. ही लहर अचूक टिपणारे साधन घडविल्याबद्दल नेदरलँड्समधील विलेम आइंटहोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घरोघरी परिचित असलेला ईसीजी तो हाच.

ईसीजी रोगनिदानासाठी काढतात, हे आपण जाणतो. अतिदक्षता विभागात मात्र तोच आलेख एक यंत्र चालवितो. इंट्रा-एऑर्टिक बलून पंप हे त्याचे नाव. डॉ. एड्रियन कांट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तो रुग्णासाठी प्रथम वापरला.

मांडीच्या धमनीतून एक बारीक नळी छातीतील महाधमनीपर्यंत नेतात. तिच्या टोकाशी लांबट फुगा असतो. प्रौढांसाठी बहुधा ४० मिलिलिटरचा. रुग्णाच्या छातीवरील पट्ट्यांमधून येणाऱ्या आलेखातील सर्वांत उंच टोक यंत्र ओळखते. ते टोक दिसले की हृदय आता रक्त बाहेर ढकलणार, हे निश्चित होते. त्याच सुमारास फुगा रिकामा होतो, पुढील अडथळा घटतो आणि थकलेल्या हृदयाचा भार हलका होतो. आकुंचन संपून झडप मिटताच फुगा पुन्हा फुगतो आणि रक्त मागे रेटले जाऊन हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना अधिक मिळते. त्या प्रामुख्याने हृदयाच्या विश्रांतीकाळातच भरतात.

मिनिटाला ७५ ठोके असतील, तर हे सारे ०.८ सेकंदात उरकावे लागते. म्हणूनच फुग्यात हेलियम भरतात. हा हलका वायू अरुंद नळीतून झपाट्याने ये-जा करतो. वेळ चुकून फुगा आधीच फुगला, तर हृदयाला त्याच्याविरुद्धच जोर लावावा लागतो. शस्त्रक्रियेतील विद्युत् उपकरणांमुळे आलेख बिघडला, तर यंत्र रक्तदाबाच्या लहरीवरही चालविता येते.

या उपायाला मर्यादाही आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्ताभिसरण कोसळलेल्या ६०० रुग्णांवर जर्मनीत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पंप लावल्याने तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे त्यात आढळले नाही. त्यानंतर अशा प्रत्येक रुग्णाला तो सरसकट लावण्याची प्रथा मागे पडली. हृदयाची झडप अकस्मात निकामी होणे किंवा आतील पडदा फाटणे अशा प्रसंगी, शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ निभावून नेण्यासाठी तो आजही उपयोगी पडतो.

मध्यरात्री संमतीपत्रावर सही करण्याची वेळ कुटुंबावर येते, तेव्हा हे भान मोलाचे ठरते. पंप कशासाठी लावत आहात? किती काळ? त्यानंतरचा मूळ उपचार कोणता? ज्या पायातून नळी घातली, त्या पायाच्या रक्तपुरवठ्यावर लक्ष कसे ठेवणार? हे प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावेत. पंप हृदयाला उसंत देतो; मूळ आजारावरचा उपचार त्या उसंतीतच व्हावा लागतो.